वेध आणि वाणी : सातारा-सांगलीच्या परिसरातून खगोलविषयक चित्रपटांचा एक विचार

१

चित्रपटांच्या इतिहासाकडे आपले अभ्यासक बहुधा कथा, अभिनय व संगीत यांच्या अंगाने पाहतात. विज्ञानविषयक चित्रपट, आणि त्यांतही आकाशाविषयीचे चित्रपट, या इतिहासात तळटीपेच्या स्थानी राहतात. भाषेच्या अभ्यासकास मात्र हा विषय तळटीपेत टाकून चालावयाचे नाही. आकाशातील वस्तू सामान्य माणसाच्या हाताला लागत नाही. ती त्यास एकतर शब्दाने कळते, नाहीतर चित्राने. हे दोन मार्ग एकमेकांस कोठे मिळाले, कोठे दुरावले आणि त्या दुराव्यामुळे मराठी भाषकांच्या ज्ञानव्यवहाराचे काय झाले, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. त्यासाठी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा परिसर निवडला आहे. या निवडीमागे स्थानिक अभिमान नाही. आकाशाला नेमके मराठी शब्द देण्याचे आधुनिक काळातील एक मोठे कार्य या परिसरात झाले, आणि अवकाशवैज्ञानिकास नायक करणारा एक प्रसिद्ध हिंदी चित्रपट चित्रित झाला तोही येथेच, त्या कार्यस्थानापासून अवघ्या काही किलोमीटरांवर. इतक्या जवळ असूनही या दोन घटनांची परस्परांशी गाठ पडली नाही. ती का पडली नाही, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडे लिहावयास हवे. 'डॉक्युमेंटरी' या शब्दासाठी मराठीत 'अनुबोधपट', 'माहितीपट' व 'वृत्तपट' असे तीन शब्द वापरले गेले. पहिल्यात शिकविण्याचा हेतू आहे, दुसऱ्यात सांगण्याचा, तिसऱ्यात कळविण्याचा. वार्ताचित्रांपुरता 'वृत्तपट' रूढ झाला. आज सर्रास चालतो तो 'माहितीपट'. पण विज्ञानाच्या चित्रपटाचे खरे कार्य माहिती देऊन संपत नाही. न दिसणारी गोष्ट तो दिसती करतो आणि त्यायोगे बोध घडवितो. म्हणून या लेखात 'अनुबोधपट' हा जुना शब्दच ठेवला आहे.

२

खगोलशास्त्र आणि चलच्चित्र यांचे नाते आपण समजतो त्याहून जुने आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहण्यासाठी फ्रेंच ज्योतिषी झान्सन गुंटूर येथे आला होता. त्याच दिवशी ब्रिटिश निरीक्षक लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडी येथे वर्णपटदर्शक घेऊन बसला होता. जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान, म्हणजे सांगली-मिरजेच्या राजघराण्यांच्या भाऊबंदांचे. ढगांच्या अडथळ्यातूनही हर्शेलला सूर्याच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. झान्सनने दुसऱ्याच दिवशी ग्रहणावाचूनही त्या ज्वाळांचे निरीक्षण करता येते हे सिद्ध केले. अशा रीतीने सौरभौतिकीच्या एका आरंभबिंदूस कृष्णेच्या खोऱ्याची माती लागलेली आहे.

या झान्सनची आणखी एक कामगिरी चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. १८७४ सालच्या डिसेंबरात शुक्राचे अधिक्रमण घडावयाचे होते. सूर्यबिंबाच्या कडेला शुक्र नेमका कोणत्या क्षणी स्पर्श करतो, हे डोळ्यांनी सांगताना निरीक्षकांत मतभेद होत. त्यावर उपाय म्हणून त्याने पिस्तुलाच्या फिरत्या चक्राच्या धर्तीवर एक प्रकाशचित्रण यंत्र करविले. ते ७२ सेकंदांत ४८ चित्रे घेत असे. जपानमध्ये नागासाकी येथे हे यंत्र वापरण्यात आले. हालचालीचे क्रमाने तुकडे पाडून ते एका फिरत्या चकतीवर नोंदविण्याची कल्पना येथे प्रत्यक्षात आली, म्हणून चित्रपटाच्या पूर्वसूरींत या यंत्राची गणना होते. पुढे १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी घेतलेल्या एका आरंभीच्या चित्रपटात वृद्ध झान्सन स्वतः दिसतो. चलच्चित्राची एक मूळ प्रेरणा करमणुकीची नसून कालमापनाची होती, एवढा निष्कर्ष यातून काढावयास हरकत नाही.

२२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले, आणि या वेळी छायेचा पट्टा महाराष्ट्राच्या अंगावरूनच गेला. नॉर्मन लॉकियर यांचा तळ विजयदुर्गास होता. पुण्याचे प्राध्यापक के. डी. नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हे जेऊर येथे उतरले होते. नकाशावर विजयदुर्ग व जेऊर यांना जोडणारी रेषा आखून पाहावी. ती थेट कऱ्हाडच्या परिसरातून जाते. म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर भरदिवसा काळोख झाला. याच ग्रहणाचे चलच्चित्र घेण्यासाठी नेव्हिल मास्केलिन नावाचा इंग्रज जादूगार भारतात आला होता. चित्रण त्याने यशस्वी केले, परंतु परतीच्या प्रवासात त्या फिल्मचा डबा चोरीस गेला. पुढे १९०० साली त्याने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे दुसरे ग्रहण चित्रित केले. ती फिल्म उरली, आणि २०१९ साली तिचे पुनरुज्जीवन होऊन ती लोकांसमोर आली. भारतातील पहिला खगोलपट मात्र चोराच्या हाती गेला, आणि त्याबरोबर त्या दिवसाचा आकाशाचा पुरावाही.

या प्रसंगी भाषेच्या अभ्यासकाने 'वेध' या शब्दाकडे लक्ष द्यावे. ग्रहणाच्या आधी काही प्रहर 'वेध लागतात' आणि त्या काळात अन्न वर्ज्य असते. ज्योतिषी यंत्राने ताऱ्याचा 'वेध घेतो' आणि ज्या ठिकाणी घेतो ती 'वेधशाळा' होते. मनाला एखाद्या गोष्टीची ओढ लागली तरी आपण 'वेध लागले' असेच म्हणतो. निषेध, निरीक्षण आणि ओढ हे तीनही अर्थ एका शब्दात नांदतात. ग्रहणाच्या दिवशी एकाच गावात घरात वेध पाळले जावेत, रस्त्यावरून 'दे दान, सुटे गिराण' अशी हाक जावी आणि माळावरच्या तंबूत परदेशी माणसांनी वेध घ्यावेत, हे भाषेने आधीच सामावून घेतलेले चित्र आहे. शब्द एकच असताना अर्थांमध्ये दरी होती. ही दरी बुजविण्याचे साधन चित्र होऊ शकले असते. ते तसे किती झाले, हा पुढील इतिहास होय.

३

मराठी माणसाच्या हातून विज्ञानाचे चित्र लवकरच तयार झाले, ही गोष्ट मात्र निःसंशय आहे. १९०१ साली केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण ह. स. भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी केले. भारतीयाने घेतलेल्या पहिल्या वार्ताचित्रांपैकी एकाचा नायक गणितज्ञ असावा, ही घटना सूचक आहे. तथापि ते गणितज्ञाचे चित्र होते, गणिताचे नव्हे.

विज्ञानाच्या आशयाचे चित्र दादासाहेब फाळके यांनी केले. १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र' निर्माण होण्यापूर्वी, भांडवल पुरविणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ दररोज एकेक चित्र टिपून त्याच्या वाढीचा सुमारे एका मिनिटाचा चित्रपट तयार केला. 'अंकुराची वाढ' या नावाने तो ओळखला जातो. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या मराठी चित्रपटात हा प्रसंग आला असल्याने आजच्या विद्यार्थ्यांस तो परिचित आहे. झान्सनने वेगवान क्षण मंद करून पाहिला, तर फाळक्यांनी मंद काळ वेगवान करून दाखविला. दोघांची पद्धत एकच : काळाचे तुकडे पाडावयाचे आणि ते वेगळ्या गतीने जोडावयाचे. ताऱ्यांचे उगवणे-मावळणे, सूर्यावरील डागांचे सरकणे, धूमकेतूची वाटचाल हे सारे पुढील काळातील खगोलपटांनी याच पद्धतीने दाखविले.

फाळक्यांच्या त्या मिनिटभराच्या चित्रपटाला भाषेची आवश्यकता नव्हती. अंकुर फुटणे प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे होते, आणि चित्राने त्या परिचयाला फक्त वेग दिला. आकाशाचे चित्र याहून वेगळे असते. दीर्घिकेचे प्रकाशचित्र पाहणाऱ्यास ते काय आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. धुरकट डाग पाहून कोट्यवधी ताऱ्यांची कल्पना येणे अशक्य आहे. म्हणून खगोलविषयक अनुबोधपटात निवेदनाला असामान्य महत्त्व प्राप्त होते. बोलपट आल्यानंतर प्रश्न असा उभा राहिला की, हे निवेदन कोणत्या भाषेत व्हावयाचे?

४

या प्रश्नाचे शासकीय उत्तर फिल्म्स डिव्हिजनने दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील प्रचारपटांच्या यंत्रणेचा वारसा घेऊन ही संस्था १९४८ साली मुंबईत सुरू झाली. चित्रपटगृहाच्या परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक खेळापूर्वी मान्यताप्राप्त अनुबोधपट वा वृत्तपट दाखविणे बंधनकारक झाले. त्यामुळे जगातील फार थोड्या देशांत असेल इतका मोठा प्रेक्षकवर्ग या पटांना मिळाला. धरणे, पोलादाचे कारखाने, देवीचे निर्मूलन, अणुभट्टी, थुंबा येथील अग्निबाण यांचे पहिले दर्शन असंख्य लोकांना या सक्तीच्या वीस मिनिटांत झाले.

परंतु संस्थेचे मुख्यालय मुंबईत असूनही प्रारंभीच्या पाच भाषांत मराठी नव्हती. त्या भाषा इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ व तेलुगू अशा होत्या. पुढे भाषांची संख्या वाढत जाऊन मराठीचा समावेश झाला. ही गोष्ट केवळ मानापमानाची म्हणून पाहू नये. ज्या वर्षांत 'उपग्रह', 'अग्निबाण', 'किरणोत्सर्ग' यांसारखे शब्द लोकांच्या कानी प्रथम पडावयाचे होते, त्या वर्षांत ते कोणत्या उच्चारात व कोणत्या वाक्यात पडतात यावर पुष्कळ काही अवलंबून होते. शब्द प्रथम ज्या भाषेत ऐकला जातो, त्या भाषेतच तो बहुधा मनात राहतो. हिंदी निवेदनातून आलेल्या शब्दांपैकी संस्कृतोद्भव शब्द मराठीत सहज मिसळले, परंतु त्यांना धरून ठेवणारे वाक्य मराठीचे नव्हते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत या पटांचा प्रवास शहरी चित्रपटगृहांपुरता मर्यादित नव्हता. पुसेगाव, पाल, म्हसवड, खरसुंडी यांसारख्या यात्रांच्या महाराष्ट्रात तंबूतला सिनेमा हा यात्रेचा अविभाज्य भाग झाला. मालमोटारीवर प्रक्षेपकयंत्र, कापडाचा पडदा, जमिनीवर बसलेले प्रेक्षक आणि वर उघडे आकाश नाहीतर गळका तंबू. या फिरत्या सिनेमाच्या अखेरच्या काळाचे दर्शन 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या अनुबोधपटात घडते, आणि त्याचे चित्रण महाराष्ट्रातीलच आहे. तेथे फिल्म जाऊन अंकीय प्रक्षेपण कसे आले आणि जुनी यंत्रे भंगारात कशी निघाली, हे त्यात पाहावयास मिळते. स्वतः फिल्म्स डिव्हिजनचेही स्वतंत्र अस्तित्व २०२२ साली संपून ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. सक्तीच्या वीस मिनिटांचे युग असे संपले.

५

आता वाईकडे वळू. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९ नोव्हेंबर १९६० रोजी साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना झाली, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य वाई येथे चालू झाले. १९७३ साली परिभाषासंग्रह आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. प्राज्ञपाठशाळेची परंपरा असलेल्या या गावी संस्कृत जाणणारे पंडित आणि विज्ञान जाणणारे संपादक एकत्र आले. याचा परिणाम खगोलविषयक मराठीवर स्पष्ट दिसतो.

आज मराठीत आकाशाविषयी जे शब्द आहेत त्यांचे चार थर पाडता येतील. पहिला थर पंचांगाचा : ग्रहण, खग्रास, कंकणाकृती, नक्षत्र, धूमकेतू, युती. हे शब्द कीर्तनकारापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांचे आहेत. दुसरा थर एकोणिसाव्या शतकातील शालेय पुस्तकांचा : गुरुत्वाकर्षण, ध्रुवतारा, आणि फारसीतून येऊन घरचीच झालेली दुर्बीण. तिसरा थर विसाव्या शतकातील परिभाषेचा : दीर्घिका, अभ्रिका, अवकाशयान, प्रकाशवर्ष, कृष्णविवर. चौथा थर उसन्या शब्दांचा : रॉकेट, सॅटेलाइट, टेलिस्कोप, ऑर्बिट. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पहिला व चौथा थर बोलण्यात आहेत, तर दुसरा काही अंशी व तिसरा जवळजवळ पूर्णतः वाचनात आहे.

तिसऱ्या थराला बोलण्यात का येता आले नाही? 'शब्द कठीण आहेत' हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. 'खग्रास' काही सोपा शब्द नव्हे. तरीही तो कोणी समजावून द्यावा लागत नाही, कारण लोकांनी तो घडताना पाहिला आहे. याउलट संस्कृतात 'दीर्घिका' म्हणजे लांबट विहीर वा तळे. आकाशातील तारकासमूहासाठी तो शब्द योजताना कल्पकता दिसते, पण नुसता ऐकून अर्थ उमगत नाही. वाचक मागचे वाक्य पुन्हा वाचू शकतो, कोशात पाहू शकतो. श्रोत्यास ती सोय नसते. त्यास शब्द एकदाच ऐकू येतो आणि निघून जातो. येथे चित्राने टीकाकाराचे काम करावे लागते. पडद्यावर दीर्घिका फिरत असताना तो शब्द तीनदा उच्चारला गेला, तर चौथ्यांदा त्याचा अर्थ सांगण्याची गरज राहत नाही. 'खग्रास' या शब्दाची टीका आकाशाने केली. 'दीर्घिका' या शब्दाची टीका चित्रपटाने करावयास हवी होती.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. 'कृष्णविवर' या शब्दाचा इतिहास पाहावा. कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने जी पहिली विज्ञानकथा लिहिली, तिचे नावच 'कृष्णविवर' होते. परिभाषेतला शब्द कथेत आला, त्यास प्रसंग मिळाला, भय आणि कुतूहल मिळाले, आणि तो मराठीत रुळला. तिसऱ्या थरातील शब्द पहिल्या थरात येऊ शकतो याचे हे उत्तम उदाहरण आहे. मात्र याच नारळीकरांनी दूरदर्शनसाठी 'ब्रह्मांड' ही मालिका केली ती हिंदीत. अखिल भारतीय माध्यमाची ती अपरिहार्यता होती आणि त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तथापि मराठीला कथेतून जे मिळाले ते चित्रातून मिळाले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्यांचे मराठी गद्य मागे आहे. त्या गद्याच्या तोडीचे मराठी निवेदन असलेली चित्रमालिका मागे नाही.

६

वाईपासून सुमारे तीन किलोमीटरांवर कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा यांमुळे ते प्रसिद्ध आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस' (२००४) या चित्रपटातील चरणपूर हे गाव म्हणजे चित्रणापुरते हे मेणवलीच होय. चित्रपटाचा नायक अमेरिकेच्या नासा संस्थेत पर्जन्यमापन करणाऱ्या उपग्रहाच्या प्रकल्पावर काम करतो. हा प्रकल्प कल्पित नव्हता. जागतिक पर्जन्यमापनाचा तो उपग्रह पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधून प्रक्षेपित झाला. नासाच्या केनेडी अवकाश केंद्रातही या चित्रपटाचे चित्रण झाले होते.

या चित्रपटातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊन भिडतो. गावात रात्री उघड्यावर सिनेमा दाखविला जातो. पडद्याच्या पुढे एक समाज बसतो आणि मागे दुसरा. मागच्यांना तेच चित्र उलटे दिसते. मध्येच वीज जाते. पडदा काळा होतो. तेव्हा नायक मुलांना वरच्या ताऱ्यांकडे पाहावयास लावतो, मधला पडदा खाली येतो आणि दोन्ही बाजूंचे लोक एका आकाशाखाली एकत्र होतात. चित्रपटाने आपलेच साधन, म्हणजे पडदा, बाजूला करून आकाश दाखवावे, ही कल्पना विचारप्रवर्तक आहे. तिच्यात एक कठोर सत्यही आहे : विज्ञानाचे दर्शन सर्वांना सारखे होत नाही, कोणीतरी पडद्यामागे बसलेले असते.

येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. चरणपूर हे कथेत उत्तर प्रदेशातील गाव आहे, त्यामुळे तेथील माणसे हिंदी बोलतात. कथेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु पावसाचे मोजमाप हा विषय सातारा जिल्ह्याला किती जिव्हाळ्याचा आहे! महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात सुमारे पाचशे. दहापट अंतर एका जिल्ह्यात. पावसाचे हे वाटप वरून पाहणारा उपग्रह हा सातारकरांसाठी दूरच्या विज्ञानाचा विषय नसून विहिरीच्या पाण्याचा विषय आहे. चित्रपट मेणवलीत झाला, पण मेणवलीविषयी झाला नाही. आणि तीन किलोमीटरांवर ज्या कार्यालयात 'कृत्रिम उपग्रह' व 'पर्जन्यमापन' यांवर मराठीत विचार झाला होता, त्याची त्या पडद्याशी गाठ पडली नाही. प्रेक्षकांच्या भाषेत सांगावयाचे तर शब्द पडद्याच्या मागे बसले होते.

७

दूरचित्रवाणीच्या काळात ही दरी बुजेल अशी आशा होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सुमारे २,४०० खेड्यांत थेट प्रक्षेपणाचा प्रयोग झाला. सहा राज्ये त्यात होती, पण महाराष्ट्र नव्हता. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याला लागून असलेला विजापूर जिल्हा मात्र होता. म्हणजे सीमेच्या एका बाजूस उपग्रहावरून कन्नड कार्यक्रम उतरत होते, आणि दुसऱ्या बाजूस मराठी खेडी त्यापासून वंचित होती. गंमत अशी की, या प्रयोगासाठी मुलांचे विज्ञानविषयक कार्यक्रम तयार करण्याचे बरेचसे कार्य मुंबईत झाले.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवार, हुबळी, रायचूर या बाजूने गेला. त्या दिवशी लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने एक लोकप्रिय हिंदी चित्रपट दाखविला. दृष्टीला इजा होऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे. तरी आकाशात शतकातील एक दुर्मीळ घटना घडत असताना तिच्यापासून डोळे वळविण्यासाठी चित्रपट वापरला गेला, हे विज्ञानपटाच्या इतिहासात नोंदविलेच पाहिजे. 'वेध' या शब्दाचा निषेधाचा अर्थ त्या दिवशी नव्या यंत्राने पाळला. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, राजस्थानपासून बंगालपर्यंत गेलेल्या खग्रास ग्रहणाचे त्याच दूरदर्शनने थेट प्रक्षेपण केले. निषेधाकडून निरीक्षणाकडे झालेला हा प्रवास लहान नव्हे. त्यामागे 'भारत की छाप' (१९८९) व 'टर्निंग पॉइंट' यांसारख्या मालिकांनी आणि यशपाल यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी घडविलेली लोकदृष्टी होती. परंतु या मालिकाही हिंदी व इंग्रजीत होत्या. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केलेल्या शैक्षणिक प्रक्षेपणासाठी पुणे विद्यापीठात निर्मितिकेंद्र निघाले, तरी देशव्यापी वर्गाची भाषा प्रामुख्याने इंग्रजीच राहिली.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. चित्र सर्वांना कळते, त्यास भाषेची एवढी गरज काय? कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' (१९८०) ही मालिका अनेक देशांत पोहोचली, आणि तिच्या एका भागात तर चोलकालीन नटराजाच्या मूर्तीच्या साहाय्याने विश्वाच्या चक्राचा विचार मांडलेला आहे. मग मराठी निवेदनाचा आग्रह कशासाठी? याचे उत्तर त्याच मालिकेत आहे. 'कॉसमॉस'चे सामर्थ्य केवळ तिच्या चित्रांत नव्हते, एका माणसाने आपल्या भाषेत, आपल्या लयीत प्रेक्षकाशी साधलेल्या संवादात होते. चित्र आश्चर्य निर्माण करते. आश्चर्याचे प्रश्नात रूपांतर करावयास भाषा लागते, आणि प्रश्न माणूस बहुधा ज्या भाषेत भांडतो व हिशेब करतो त्याच भाषेत विचारतो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले, तेव्हा ते दृश्य शाळाशाळांतून पाहिले गेले. मराठी वार्तांकनात त्या वेळी 'सॉफ्ट लँडिंग' हा शब्द सर्वत्र झाला, पण त्याच्याच शेजारी 'यान अलगद उतरले' हे वाक्यही आले. 'अलगद' हा कोणत्याही परिभाषासमितीने घडविलेला शब्द नव्हे. आई झोपलेल्या मुलास अंथरुणावर ठेवते ती अलगद. चित्र पाहत असलेल्या माणसाने चित्राला नेमका शब्द आपल्या घरातून काढून दिला. चित्र व शब्द एकाच क्षणी भेटले म्हणजे परिभाषा कशी जन्मास येते, याचा हा आपल्या डोळ्यांसमोर घडलेला दाखला आहे.

८

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, आकाशाचे चलच्चित्र ही आपल्या परिसराला परकी गोष्ट नाही. जमखंडीच्या १८६८ च्या वेधापासून मेणवलीच्या घाटापर्यंत तिचे धागे येथे सापडतात. दोन, मराठीत खगोलाच्या शब्दांचा तुटवडा नाही. ज्या ठिकाणी शब्द आणि चित्र एकत्र भेटावेत, त्या ठिकाणांचा तुटवडा आहे. तीन, ही भेट सक्तीने, समितीने वा केवळ भाषांतराने होत नाही. निवेदनाचे मराठी वाक्य प्रथमपासून मराठीत रचले गेले पाहिजे.

यातून आपल्या विभागापुढे एक कार्य उभे राहते. फिल्म्स डिव्हिजनच्या पटांची मराठी निवेदने ही केवळ चित्रपटाच्या इतिहासाची नव्हे, तर मराठी भाषेच्या इतिहासाची साधने आहेत. कोणता शब्द कोणत्या वर्षी, कोणत्या उच्चाराने आणि कोणत्या चित्रासोबत लोकांपुढे आला, याची नोंद त्या ध्वनिपट्टीत असते. विश्वकोशाच्या नोंदी आणि ही निवेदने शेजारी ठेवून वाचली, तर लिहिलेली परिभाषा व बोललेली परिभाषा यांतील अंतर प्रत्यक्ष मोजता येईल. फिरत्या सिनेमाच्या तंबूत बसलेली पिढी अद्याप सातारा-सांगलीच्या गावांत आहे. पडद्यावर पाहिलेले कोणते शब्द तिच्या बोलण्यात उतरले, हे तिलाच विचारता येते, आणि विचारावयाचे असेल तर फार थांबता येणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका यात्रेच्या परिसरातील वीस वृद्धांशी बोलून टिपणे केली, तरी ते काम कोणत्याही सिद्धांतचर्चेहून उपयुक्त ठरेल.

मास्केलिनच्या फिल्मचा डबा चोरीस गेला, त्यास आपला इलाज नव्हता. पण जी निवेदने लोकांच्या कानांत आहेत ती नाहीशी होऊ देणे ही चोरी नव्हे, ते दुर्लक्ष ठरेल. माणच्या वा जतच्या शाळेतील मुलगी पावसाच्या ढगाचे उपग्रहाने घेतलेले चित्र पाहून 'हे आपल्याकडे का येत नाहीत?' असे आपल्या भाषेत विचारील आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिला आपल्या भाषेत मिळेल, तेव्हाच वाईच्या शब्दांचे आणि मेणवलीच्या चित्रांचे खऱ्या अर्थाने मीलन झाले असे म्हणता येईल.